पितळेचा कान आणि कार्बनचं चाक

ज्या माणसाने मला ती चाकं विकली त्याचं वाईट व्हावं, असं मला आजही वाटतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी माझ्याकडून मोठ्या मनाची अपेक्षा ठेवणार नाही. ओळखीचे लोक म्हणतात, झालं ते झालं, सोडून द्या. सोडून देण्याचा स्वभाव असता तर आज मी भंडाऱ्यात स्वतःच्या दुकानाच्या गादीवर बसले नसते. आईच्या मागे कुणाच्या तरी बांधीत, धानाच्या चिखलात, रोवणी करत राहिले असते.

माझा धंदा पितळेच्या भांड्यांचा. सुरुवात सायकलवर झाली. दहावी नापास झाले त्या वर्षी एक जुनी, आडव्या दांडीची सायकल घेतली, कॅरियरला टोपलं बांधलं आणि गावोगाव मोड गोळा करायला लागले. मोड म्हणजे फुटकी, चेपलेली भांडी. ती घ्यायची आणि बदल्यात नवं भांडं द्यायचं, वर दोन पैसे सुटतील इतकं भांडायचं. आज करडी, उद्या आसगाव, बाजाराच्या दिवशी एसटीच्या टपावर टोपलं टाकून सानगडी. बायका दारात भांडं घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, अगदी चांगलं आहे, नुसतं जुनं झालंय म्हणून देते. मी भांडं हातात घ्यायची, तोंड बंद ठेवायची आणि कान उघडायची.

ती एकच विद्या मला आली. घागर डाव्या हाताच्या बोटांवर उलटी तोलायची, उजव्या हाताच्या बोटाच्या सांध्याने टिचकी मारायची आणि ऐकायचं. चांगली घागर लांब वाजते. चीर गेलेली, डाग दिलेली घागर बद्द वाजते. टिचकी एका जागी मारून भागत नाही. घागर फिरवत, गोल गोल मारत जायची. आवाज सगळीकडून सारखा आला पाहिजे. एका बाजूला जरी उतरला तरी तिथे कुणीतरी काहीतरी लपवलेलं आहे. या एका नियमावर मी दुकान उभं केलं, घर बांधलं, नवरा गेल्यावर मुलीला शिकवलं. त्यामुळे त्या नियमावर माझा इतका विश्वास, की तो पितळेपुरता आहे हे मला कधी सुचलंच नाही.

मुलगी सायकल चालवते. माझ्यासारखी पोटासाठी नाही, शर्यतीसाठी. कॉलेजच्या पहिल्या वर्षीच तिचं विद्यापीठाच्या संघाच्या निवडीपर्यंत गेलं होतं आणि थोडक्यात हुकलं होतं. पुढच्या निवडीच्या वेळी तिला कार्बनची चाकं हवी होती. वजन कमी, वेग जास्त, असं तिचं म्हणणं. नावाजलेल्या कंपनीच्या चाकांचा भाव तिने मोबाइलवर दाखवला तेव्हा मी मोबाइलच उलटा ठेवला. मग तिने सांगितलं की महामार्गाच्या बाजूला एका गाळ्यात एक जण तशीच चाकं स्वस्तात विकतो, तिच्या ग्रुपमधल्या दोघांनी घेतलीत.

"मी येतो तुह्यासंगं," ती म्हणाली.

"काही गरज नाही. तू आली का भाव पडत नाही. तुहं तोंड पाहूनच त्याले समजते का हिले चाक पाहिजेच."

हे खरंच आहे. घेणाऱ्याच्या डोळ्यात हाव दिसली की सौदा संपला. ती हसली आणि मला बजावू लागली: रिमच्या आतली पट्टी काढून भोकं पाहा, बॉक्स आणि कागद घेऊनच ये, कागदावर हवा किती भरायची आणि स्पोक किती आवळायचे ते लिहिलेलं असते. मी हो हो म्हटलं.

विकणारा माणूस पस्तिशीचा, गोड बोलणारा. मला पाहून आधी बावरला, मग खूश झाला. नऊवारीतली बाई कार्बनचं चाक मागायला आली म्हणजे बकरी आपण होऊन आली, असं त्याला वाटलं असणार.

"काकू, घेऊन तं पाहा हातात. फुलासारखं हाय."

घेतलं. खरंच हलकं होतं. काळं, चकचकीत, आतून जाळीसारखं विणलेलं दिसत होतं. मी ते मांडीवर आडवं घेतलं आणि रिमवर टिचकी मारत फिरले. लाकडासारखा आवाज, पण सारखा. मग बोटाने स्पोक छेडत गेले. पुढचं चाक ठीक वाजलं. मागच्या चाकाच्या एका बाजूचे स्पोक टणटण वाजले, दुसऱ्या बाजूचे खाली, बद्द.

मला काय आनंद झाला! खोट सापडली की माझ्या अंगात बळ येतं.

"भाऊ, हे चाक तं ढिलं हाय."

"नाही जी काकू."

"मले शिकवता का? हे ऐका. आन् हे ऐका. दोन बाजूचे दोन आवाज. फुटकी घागर तुम्ही मले नवी म्हणून विकून राहिले."

तो माझ्याकडे पाहत राहिला. आज मला माहीत आहे की त्या क्षणी तो काय विचार करत होता. मागच्या चाकाला एका बाजूने गिअर असतात, म्हणून त्या बाजूचे स्पोक जास्त ताणलेले आणि दुसऱ्या बाजूचे सैल असतात. जगातलं प्रत्येक मागचं चाक असंच असतं. हे त्याला ठाऊक होतं. हे त्याने मला एका वाक्यात सांगायला हवं होतं. पण तेवढं समजावत बसला असता तर मी आणखी दहा प्रश्न विचारले असते, पट्टी काढून आत पाहिलं असतं. त्याने सोपा रस्ता घेतला.

"कान मानला काकू तुमचा," तो म्हणाला. "थोडं ढिलं हायच. आवळून घ्या कोणाजवळून, आणखी कडक होईन. तुमच्यासाठी भाव कमी करतो."

भाव कमी झाला. मग मी आणखी रेटलं. शेवटी तो म्हणाला, या भावात बॉक्स नाही, कागद नाही, चाकं तशीच उचला. मी उचलली. स्कूटीवर मागे दोरीने बांधून घरी आणताना मी स्वतःशीच हसत होते. बॉक्स काय चाटायचा आहे?

आमच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारा सायकल मिस्त्री आहे. माझी पहिली सायकल त्यानेच सांभाळली. चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढावा तर त्याने. चाक फिरवून नुसत्या नजरेने सांगतो कुठला स्पोक किती फिरवायचा. दुसऱ्या दिवशी मुलगी कॉलेजात गेल्यावर मी मागचं चाक त्याच्याकडे नेलं.

"दोन्ही बाजूनं सारखा आवाज पाहिजे," मी म्हटलं.

त्याने चाक फिरवलं, स्पोक छेडले आणि परत माझ्या हातात दिलं. "बाई, बरोबर हाय हे. मागचं चाक असंच असते."

"बरोबर कसं? विकणाराच म्हणे ढिलं हाय."

"म्हणो. हे ढिले ओढतो म्हटलं, तं गिअरच्या बाजूचे आणखी ओढा लागतीन. नाही तं चाक एका अंगाले जाते. आन् हे काय लोखंड हाय? पितळ हाय? याचं मले काही समजत नाही. मी हात नाही लावत."

"मी सांगून राहिली ना."

"मंग तुम्हीच आवळा."

मी भडकले. माझा राग गल्लीला माहीत आहे. तुझ्या दुकानाचं छप्पर उडालं तेव्हा पत्रे कुणी दिले, असं काहीतरी बोलले. बोलायला नको होतं. त्याने मान खाली घातली, स्पोकची चावी घेतली आणि आवळू लागला. मध्येच थांबला, माझ्याकडे पाहिलं. "आणखी," मी म्हटलं. गिअरच्या बाजूचे स्पोक सतारीसारखे वाजू लागले, तेव्हा कुठे दुसऱ्या बाजूचे माझ्या मनासारखे झाले.

मुलीने संध्याकाळी चाक बसवलं, फिरवलं, स्पोकवर बोट मारलं. "लय कडक हाय वं. कोणाले दाखवलं होतं का?"

"मिस्त्रीनं पाहून दिलं," मी म्हटलं.

"आन् कागद?"

"मागून देतो म्हणे."

नऊ दिवस ते चाक चाललं. दहाव्या दिवशी, रविवारी सकाळी, तिचा ग्रुप पवनीच्या रस्त्याने गेला. आसगावच्या अलीकडे एका स्पीड ब्रेकरवर मागचं चाक फुटलं. तिच्या मागून येणारा सांगत होता, आधी एक फटाका वाजावा तसा आवाज झाला, मग तीन-चार भराभर. स्पोक रिममधून उपसून निघाले, चाक आडवं झालं, फ्रेमला घासून जाम झालं. मुलगी खांद्यावर पडली. गळ्याजवळचं हाड मोडलं. निवड पंधरा दिवसांवर होती.

मी ते फुटकं चाक घेऊन गाळ्यात गेले. मला भांडायचं होतं, पण भांडणानंतर त्याने चूक मानली असती तर माझ्या स्वभावाप्रमाणे मी दोन दिवसांत थंड झाले असते. त्याने चाक हातातसुद्धा घेतलं नाही. गाळ्यात आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती.

"काकू, कार्बन असं फुटत नसते. ब्रेकर आला का सीटवरून उठा लागते. तुमची पोरगी बसून गेली. पोरींले थोडं जड जाते हे. चालवता आलं पाहिजे ना."

आणि तेवढ्यावर थांबला नाही. त्याच दिवशी सायकलवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चाकाचा फोटो टाकून त्याने तेच लिहिलं. कुणाच्या तरी मोबाइलवरून मी ते वाचलं. खाली लोकांनी अंगठे दिले होते. त्यात तिच्यासोबत रोज चालवणारेही होते.

मुलीनेही वाचलं. मला वाटलं ती भडकेल. माझी मुलगी आहे. ती खाटेवर हात गळ्यात अडकवून बसली होती. म्हणाली, "असंन. मी उठली नसंन."

"तू उठली होती का नव्हती?"

"आठवत नाही आई. मले वाटते उठली होती. पण तो इतक्या लोकांसमोर म्हणून राहिला तं..."

हाड जुळलं. ती पुन्हा सायकलवर बसली, जुन्या ॲल्युमिनियमच्या चाकांवर. पण पुढच्या वर्षीच्या निवडीचा विषय निघाला तेव्हा तिने नाव द्यायला नकार दिला. "मले चालवता येत नाही तं नाव देऊन काय करू," असं अगदी शांतपणे म्हणाली. त्या दिवशी मी ठरवलं की ते वाक्य मी त्या माणसाच्या तोंडून परत काढून घेईन, तेही चारचौघांत, ज्या चारचौघांत त्याने ते टाकलं होतं.

रागाने शिकणारा माणूस फार लवकर शिकतो. मी दुकानात बसून मोबाइलवर कार्बनच्या चाकांबद्दल जे सापडेल ते पाहू लागले. इंग्रजी समजत नव्हतं तिथे चित्रं पाहिली. नागपूरला कार्बनच्या फ्रेम दुरुस्त करणाऱ्या एकाकडे पितळेचा डबा भेट घेऊन गेले आणि दुपारभर त्याचं डोकं खाल्लं. त्याने मला नाण्याने रिम वाजवून दाखवली. टिचकीपेक्षा नाणं बरं, थर सुटलेला असेल तिथे आवाज मरतो. पण हवेच्या व्हॉल्व्हजवळ आणि स्पोकच्या भोकांजवळ आत जास्त थर असतात, तिथे आवाज मुळातच बदलतो, तिथे फसायचं नाही. व्हॉल्व्हच्या भोकातून बारीक टॉर्च मारून आत सुरकुत्या आणि राळेचे, म्हणजे थर चिकटवणाऱ्या डिंकाचे, गोळे दिसतात का पाहायचं. वरची सुंदर, विणकामासारखी दिसणारी जाळी हा नुसता पातळ शेवटचा थर असतो, तिचा मजबुतीशी संबंध नाही. टायर अडकतो ती कडा नखाने चाचपायची. ज्यांच्या सायकलला रिमवर घासणारे ब्रेक असतात त्यांनी तर स्वस्त कार्बनच्या नादी लागूच नये. उतारावर ब्रेक दाबत आलं की राळ तापून मऊ पडते. हे सगळं त्याने सांगितलं, आणि शेवटी म्हणाला, "आन् विकणाऱ्याले एकच प्रश्न विचारा काकू. जास्तीत जास्त ताण किती? त्याले सांगता आलं तं थांबा, नाही तं चालायले लागा."

घरी येऊन मी दुकानामागच्या आमच्या छोट्या कारखान्यात ती फुटकी रिम शिकंज्यात धरली, नाकाला फडकं बांधलं, कारण ती काळी धूळ फुप्फुसात जाते, आणि करवतीने कापली. मिस्त्रीला मुद्दाम बोलावलं होतं.

आत जे दिसलं त्याने मला आधी फार सुख झालं. धाग्यांच्या सुरकुत्या, मध्ये बुडबुड्यांच्या पोकळ्या, एका बाजूची भिंत दुसरीपेक्षा स्पष्ट पातळ. पितळात मी असलं ओतकाम पाहिलं असतं तर कारागिराच्या अंगावर फेकलं असतं. पण मिस्त्री तिकडे पाहतच नव्हता. तो गिअरच्या बाजूच्या भोकांवरून बोट फिरवत होता. जी भोकं फुटली नव्हती, त्यांच्याभोवतीसुद्धा बारीक चांदणीसारख्या चिरा होत्या. प्रत्येक भोकाला. दुसऱ्या बाजूला एकही नव्हती.

"बाई," तो म्हणाला, "हे आवळल्यानं हाय."

मला कळलं होतंच. त्याने बोलायच्या आधीच कळलं होतं.

"चांगली रिम राहिली असती तं कदाचित सोसलं असतं," तो म्हणाला. त्याने ते माझ्यासाठी म्हटलं.

"हे कोणाले सांगायचं नाही," मी म्हटलं.

त्याने तुकडे गोळा करून फडक्यात गुंडाळले. आणि मी काय केलं? मुलीला सांगितलं का? नाही. चार महिने नाही. मी स्वतःला समजावलं की आधी त्या माणसाला खाली पाडू, मग पाहू. दर रविवारी सायकलवाले बुद्धविहारासमोरच्या पटांगणात जमतात, तिथे मी नाणं आणि टॉर्च घेऊन जाऊ लागले. जो येईल त्याचं चाक फुकट तपासून द्यायची. काही चाकं खरंच चांगली असायची, तेही सांगायची; खोटं बोलून सूड घेतला तर तो टिकत नाही. पण त्याच्या गाळ्यातून आलेली दोन चाकं मी सगळ्यांसमोर बद्द वाजवून दाखवली. त्याची गिऱ्हाइकं तुटू लागली. मला त्या चार महिन्यांत उत्तम झोप लागायची.

शेवटी तोच आला. एका रविवारी पटांगणाच्या कडेला त्याने टेबल मांडलं, चाकं टांगली. साकोलीकडचे, नागपूरचेही काही सायकलवाले आले होते. मी कापलेल्या रिमचे दोन तुकडे पिशवीत घालून गेले. मिस्त्री सोबत होता. मुलगी तिच्या सायकलवरून आली आणि लांब उभी राहिली. तिला हा सगळा तमाशा आवडत नव्हता.

त्याने दोन विटांवर चाक आडवं ठेवलं आणि त्यावर चढून उभा राहिला. "पाहा! ऐंशी किलोचा माणूस उभा हाय!"

"घागरीवरही उभं राहता येते जी," मी म्हटलं. "म्हणून तिले भोक नाही असं थोडंच हाय?"

लोक हसले. तो उतरला. "या काकू, या. तुमचीच वाट पाहून राहिलो होतो. काय आणलं पिशवीत? भाजी?"

"तुहंच चाक."

मी तुकडे लोकांच्या हातात दिले. लोक सुरकुत्यांवरून बोटं फिरवू लागले. कुणीतरी "अरे बाप्पा" म्हटलं. मला वाटलं, झालं. पण तो माणूस काही बह्याड नव्हता, डोक्याने तेज होता. त्याने एक तुकडा मागून घेतला, उन्हात धरला आणि हसला.

"काकू, हे तुम्ही फार चांगलं केलं. पाहा रे सगळे. हे चाक फुटलं कशानं? हे भोकं पाहा. गिअरच्या बाजूचं एक न् एक भोक तडकलं हाय. हे आवळून मारलं हाय. मी असं दिलं नव्हतं. आता विचारा यांयले, इतकं आवळलं कोणं? पोरीनं का या मिस्त्रीनं?"

सगळ्यांच्या माना फिरल्या. आधी मिस्त्रीकडे, मग मुलीकडे. त्या क्षणी मी काहीही न बोलता उभी राहिले असते तर तो म्हातारा माझ्या वाट्याचा दोष गपचूप घेऊन घरी गेला असता, हे मला दिसत होतं.

मी मोठ्या मनाने बोलले असं कुणी समजू नये. मला दुसरंच दिसलं होतं. आयुष्यभर घासाघीस केल्यावर एक गोष्ट हाडात बसते: समोरचा माणूस एका भावावरून दुसऱ्या भावावर सरकला की त्याला परत जाऊ द्यायचं नसतं. इतके महिने तो म्हणत होता, पोरीला चालवता येत नाही. आणि आत्ता, मला पाडायच्या नादात, तो म्हणाला होता की चाक आवळल्याने फुटलं. त्याला तिथेच खिळवायचं तर खिळा माझ्याच हातातून ठोकावा लागणार होता.

"मी," मी म्हटलं. "मी आवळायले लावलं. हा बुढा नाही म्हणत होता, त्याले धमकावून लावलं. पोरीले ठाऊकही नव्हतं."

मी त्याच्या जवळ गेले.

"म्हणजे चाक आवळल्यानं फुटलं. पोरीच्या चालवण्यानं नाही. हो का नाही?"

त्याने हातातला तुकडा टेबलावर ठेवला.

"आत्ता बोलला ना तू? सगळ्यायनं ऐकलं. बोल."

"हो... आवळल्यानं."

"पोरीले चालवता येते का नाही येत?"

"काकू, ते मी..."

"येते का नाही?"

"येते."

"जोरानं. तिकडं साकोलीवाल्यायले ऐकू नाही गेलं."

त्याने जोराने म्हटलं. त्याचे कान लाल झाले होते. ते लाल कान मी अजून आठवून आठवून पाहते.

मी तिथे थांबले नाही. मी कधीच थांबत नाही. "आता सांग, आवळून घ्या असं मले कोणं सांगितलं? तूच ना? मंग किती आवळायचं होतं ते सांग. ताणाची मर्यादा किती?"

"एकशे वीस किलो," तो पटकन म्हणाला.

"दादा," नागपूरचा एक जण मागून बोलला, "मले तं एकशे चाळीस सांगितलं होतं तुम्ही. त्याच चाकाचं."

"मले काही सांगितलंच नाही," दुसरा म्हणाला. "कागद मागून देतो म्हणे."

"मलेही."

"बॉक्स कोणाले भेटला का रे इथं?"

कुणालाच भेटला नव्हता. मला वाटायचं, बॉक्स मी घासाघीस करून सोडला. बॉक्स मुळात नव्हताच. तो कुठूनतरी सुटी, बिनकागदाची, नापास झालेली चाकं आणत होता, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला असं भासवत होता की सवलत त्याला एकट्याला मिळाली. मी, जिने आयुष्यात कधी सांगितलेला भाव दिला नाही, ती त्यातच फसले होते. लोक त्याच्या टेबलाभोवती गोळा झाले. त्याने चाकं उतरवायला सुरुवात केली.

मला त्याच्या चेहऱ्याकडे मन भरेपर्यंत पाहायचं होतं. पण मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हेल्मेट हातात होतं.

"तुले कधी समजलं?" तिने विचारलं.

"चाक कापलं तेव्हा."

"म्हणजे चार महिने झाले."

"त्याले पाडल्यावर सांगणार होती."

"आई, मी रोज त्या ब्रेकरवर जाऊन उठून पाहत होती. रोज. तुले माहीत होतं ना मी कुठं जाते ते?"

माहीत होतं. ती सकाळी जायची, उशिरा यायची आणि जेवताना बोलायची नाही. मी तिला दूध द्यायची आणि त्या माणसाचा विचार करायची.

"त्यानं खोटं सांगितलं, पण त्याले माहीत नव्हतं," ती म्हणाली. "तुले माहीत होतं."

चूक माझी निघाली की मला राग येतो. तो आला, आणि कुणावर काढायचा ते समजेना म्हणून मी पिशवीची घडी घालत बसले. ती सायकलवर बसून निघून गेली. मिस्त्रीने रिमचे तुकडे लोकांकडून परत गोळा केले, धोतराला हात पुसले आणि मला म्हणाला, "चला बाई, ऊन चढून राहिलं."

जाताना तो माणूस खोक्यात चाकं भरत होता. माझ्याकडे न पाहता म्हणाला, "झालं काकू समाधान?"

"नाही," मी म्हटलं. आणि ते खरं होतं. त्याने गाळा पुढच्या महिन्यात बंद केला. दुसऱ्या कुठल्या गावात उघडला आहे असं ऐकते, पत्ता काढते आहे.

मी घरी पोचले तेव्हा मुलगी पडवीत पाठमोरी उभी राहून फोनवर बोलत होती. आधी मला वाटलं कुणा मैत्रिणीजवळ माझी तक्रार करते आहे, आणि करावी तिने. मग शब्द कानावर आले. संघाच्या सरांना विचारत होती की नावं देण्याची मुदत संपली का, आणि संपली असली तरी काही करता येईल का. सर काहीतरी म्हणाले. ती म्हणाली, "हो सर, तयार आहे. चालवतो मी. नाव लिहून घ्या."

मी अंगणाच्या दारातच थांबले. तिने मला पाहिलं, फोन कानाला तसाच धरून दुसरा हात वर केला, आत ये म्हणून नाही, थांब तिथेच म्हणून. कॉलेजचा रोल नंबर, जन्मतारीख, पालकाचं नाव सांगेपर्यंत तो हात तसाच होता. मी उन्हात उभी राहिले.